शेळ्या, तूर आणि अकराचा उपग्रह

सकाळचे दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. येलदरीजवळ एका बाभळीखाली भिवराबाई छत्तीस शेळ्या दाटीवाटीनं उभ्या करत होती. सदतिसावी सावलीत यायला तयार नव्हती. शेवटी भिवराबाईनं खांद्यावरचं हिरवं फडकं तिच्या पाठीवर टाकलं.

"आता तू तूर हायेस. हलू नको."

वनरक्षक, लांडगे आणि एक सरपंच, एवढ्यांना चुकवून बासष्ट वर्षांच्या या बाईनं शेळ्या राखल्या होत्या. वरून बघणारा मात्र नवा होता.

शेजारच्या शेताचे मालक, निवृत्त शिक्षक पंडित गुरुजी, यांनी दिवाळीनंतर जाहीर केलं होतं: शेळ्या माझी तूर खातात, उपग्रहाचा फोटो आणून दाखवतो. सिद्ध झालं की माझ्या बांधावरून पाण्याला जायचं बंद. दुसरी वाट चार किलोमीटरांची होती.

खतांच्या दुकानात काम करणाऱ्या पुतण्यानं, हरिओमनं, तिला माहिती पुरवली होती. उपग्रह दर पाचव्या दिवशी अकराच्या सुमाराला वरून जातो.

"त्यात काय काय दिसतंय रे?"

"काकू, शेळीनं डोळा मारला तरी दिसतंय."

तेव्हापासून कॅलेंडरवर दर पाचव्या तारखेला खूण होती. उरलेले चार दिवस शेळ्या नेमानं तूर खात होत्या.

त्याच दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर गुरुजींनी मोबाइल उघडला. सगळे हिरवे चौकोन, मधे एक तपकिरी.

"हा बघा शेळ्यांचा प्रताप."

भिवराबाईनं मोबाइलला नाक लावलं. "गुरुजी, हितं मळणीयंत्र उभं करायला तुमीच तूर कापली न्हवं का?"

गुरुजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. जागा तीच होती.

"गुरुजी, उपग्रहानं तुमालाच धरलं की!" ओट्यावरून दत्ता ओरडला.

"पर माज्या शेळ्या कुटं हायत यात?" भिवराबाईनं विचारलं.

"दिसत नाहीत," गुरुजी नाइलाजानं म्हणाले. "तो आठशे किलोमीटरवर आहे. एक चौकोन म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. तुमचा अख्खा कळप त्यात मावेल. पीक हिरवं की वाळलेलं, पाणी कुठं साचलंय, एवढं तो सांगतो. शेळी ओळखत नाही."

जिंकलेल्या माणसानं इथं गप्प बसायचं असतं.

"अगं माय! मग मी दोन महिने दर पाचव्या दिवशी शेळ्या लपवायलेय कशाला?"

गुरुजींनी मोबाइल खाली ठेवला.

"दर पाचव्या दिवशी," गुरुजी सावकाश म्हणाले. "आणि मधले चार दिवस?"

भिवराबाईनं आभाळाकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

निकाल लागला. वाट चालू राहील, पण बांधावरून जाताना प्रत्येक शेळीच्या तोंडाला बैलासारखं दोरीचं मुसकं बांधायचं. शेळीच्या मापाचं मुसकं बाजारात मिळत नाही, म्हणून भिवराबाई सुतळी घेऊन विणायला बसली.

कळप उद्या सकाळी आठला निघेल. मुसकी मोजायला पंडित गुरुजी बांधावर खुर्ची टाकून बसणार आहेत.