भिरूड सरांची पंगत

भिरूड सर कधी आवाज चढवत नसत. ते फक्त म्हणत, "वाच." एवढं ऐकलं की ऑफिसातली चांगली शिकलेली माणसं आपला कागद पुन्हा एकदा बघून घेत. ज्याला म्हटलं त्यानं खुर्चीतून उठायचं, आपण लिहिलेला कागद हातात धरायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. नुसती अक्षरं नाहीत. जिथे जागा सोडली तिथे 'जागा' म्हणायचं, जिथे स्वल्पविराम तिथे 'स्वल्पविराम'. अडखळला की सर म्हणत, "पुन्हा वरून." एकदा एक इंजिनियर वाचता वाचता रडला. सरांनी मला त्याला पाणी द्यायला सांगितलं. तो पाणी प्याला, डोळे पुसले, आणि सर म्हणाले, "हं. वरून."

मी तिथे वॉचमन होतो. त्याआधी गवंडी. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावात आणि गावाबाहेर मी बांधलेल्या भिंती आजही ओळंबा लावून बघाव्यात. परांची सुटली, खाली आलो, पाय अधू झाला. शाळा म्हणाल तर चौथी. मराठी वाचतो, सावकाश वाचतो. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही आणि त्याची लाज कधी वाटली नाही. जळगावात एका डाळ मिलच्या वरच्या मजल्यावर हे कॉम्प्युटरचं ऑफिस होतं. काम मागायला गेलो तेव्हा बाकीचे माझ्या पायाकडे बघत होते. भिरूड सरांनी पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "ठेवा यांना. लंगडा माणूस पळून जात नाही." दोन शब्दांत अपमान आणि भाकरी, दोन्ही दिलं. त्यांच्या हातून कोणाला नुसती भाकरी मिळाली, असं मी पाहिलं नाही.

दुपारी डबा झाला की ते माझ्या स्टुलाजवळ येत. मी पेपर वाचत असे. "नाना, आज कोण मेलं ते सांगा." मी निधनवार्ता वाचून दाखवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. कोणी ओळखीचा निघाला तर म्हणत, "त्याच्या ओळी वाकड्या होत्या."

या ओळींचं सांगितल्याशिवाय भिरूड सर कळायचे नाहीत. आमचं ऑफिस डाळ मिली, शीतगृहं, केळी पिकवण्याची केंद्रं यांच्यासाठी कॉम्प्युटरचं काम करायचं. गिऱ्हाइकाची माहिती डेटाबेस नावाच्या कोठारात, त्यात खण पाडलेले; एकेका खणाला टेबल म्हणतात. टेबल कसं बांधायचं, त्यात कोणते रकाने, कोणता किती रुंद, कोणता रिकामा चालतो, कोणता नाही, हे ज्यात लिहितात ती स्क्रिप्ट. म्हणजे नकाशाच. लोक तो नकाशा हातानं लिहीत. सरांनी तो लिहिणारं यंत्रच केलं होतं. त्याला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात; कोठाराच्या पोटातच लिहून ठेवलेलं काम, नाव घेतलं की चालतं. ते कोठारालाच विचारायचं, तुझ्याकडे काय काय आहे बाबा, आणि सगळ्या टेबलांचे नकाशे आखून बाहेर काढायचं. सगळ्यात लांब नाव शोधायचं, बाकीच्या नावांपुढे तेवढी मोकळी जागा भरायची, म्हणजे पुढचा रकाना एका रेषेत. स्वल्पविराम ओळीच्या शेवटी नाही, सुरुवातीला. एकाखाली एक, वीट बसवावी तसे.

सर त्याला पंगत म्हणत. "लांब नाववाल्याला मान, बाकीच्यांना जागा. कोणाचं पान पुढे नाही, कोणाचं मागे नाही." हातानं लिहिलेली स्क्रिप्ट कोणी आणली की चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "ही ओळ आहे का रे भो? का यावलच्या बसला लोंबकळलेली माणसं?" शेवटी राहिलेल्या स्वल्पविरामाला ते म्हशीचं शेपूट म्हणत. "पुढून बांधतात म्हैस. पुढे आण."

मी इंग्रजी वाचत नाही, पण रेष कळते. त्यांच्या पंगतीचा कागद भिंतीला लावला की मी जाता-येता बघायचो. मनात म्हणायचो, माणूस हरामी आहे, पण हात सोन्याचा आहे. आजही म्हणतो, दोन्ही.

माझी मुलगी ज्योती धुळ्याला शिकली आणि त्याच ऑफिसात लागली. मी शब्द टाकला नव्हता. सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "नानांची पोरगी म्हणून घेतली नाही. हिचा कागद सरळ होता म्हणून घेतली." माझा पाय त्या दिवशी दुखला नाही. ज्योतीला त्यांनी जेवढं शिकवलं तेवढं कोणाला शिकवलं नाही, आणि जेवढं उभं केलं तेवढंही कोणाला केलं नाही. मी दाराशी स्टुलावर, ती आत उभी राहून 'जागा, जागा, स्वल्पविराम' म्हणतेय. बाप म्हणून हे रोज ऐकायचं. घरी आली की म्हणायची, "आबा, सर बरोबर सांगतस." मी म्हणायचो, "सांगू दे. उभं कसाले करस?"

ऑफिसात सरांचाच एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या चालू कोठारात शिरायचं असेल तर आधी मॉनिटरवर लाल फडकं टाकायचं, म्हणजे सगळ्यांना कळावं, इथे खरं काम चाललंय, कोणी धक्का देऊ नका. फडकं माझ्याकडे असायचं. "नाना, फडकं," अशी हाक आली की मी उठून द्यायचो, काम झालं की परत घ्यायचो. बाकी वेळ सगळे सरावाच्या कोठारात खेळत.

आता सरांच्या यंत्रात एक गोष्ट होती. नकाशाची पहिलीच ओळ असायची: या नावाचं टेबल आधीचं असेल तर पाड. मग नवीन बांध. सरावाच्या जागी ते सोयीचं. ज्योतीला ते खटकलं. तिनं त्यात आपली एक ओळ घातली: आत माहिती असेल तर पाडू नको, थांब. आणि सरांना दाखवली.

सरांनी बराच वेळ बघितलं. म्हणाले, "माझ्या पंगतीत कोण जेवायला बसलं हे?"

"सर, चुकून चालू कोठारावर चाललं तर—"

"चुकून म्हणजे? फडकं कशाला दिलंय? पूस."

तिनं पुसली.

"आता वाच. जे पुसलं ते." आणि तिनं ती पुसलेली ओळ, जागा आणि स्वल्पविरामासकट, सगळ्यांसमोर आठवून म्हटली. मी खाली जाऊन मिलच्या दारात उभा राहिलो.

नंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. दुपारची वेळ. ज्योती डबा घेऊन गच्चीवर गेलेली. सरांचं मशीन अपडेट घेत बसलं होतं, म्हणून ते ज्योतीच्या खुर्चीवर बसले. त्यांना पंगत काढून सरावाच्या कोठारावर चालवून बघायची होती. त्यांच्या स्वतःच्या मशीनवर सरावाचं नाव यादीत वर असे. हिच्या मशीनवर यावलकडच्या एका केळीवाल्याचं चालू कोठार वर होतं. त्यांनी सवयीनं वरचं दाबलं. हे मला पुढे ज्योतीनं समजावलं. मी पाहिलं ते एवढंच: सर बसले, दाबलं, मागे रेलले. मग एकदम चेहरा काचेजवळ नेला. पंगत सुरेख बसली होती. पानावर वाढलेलं काही उरलं नव्हतं. कोणत्या ट्रकची केळी कोणत्या खोलीत कधीपासून पिकायला ठेवली, सगळं गेलं. वेगळी जपून ठेवलेली प्रत जुनी होती.

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, माझ्याकडे बघितलं. "नाना, चहा सांगा." मी चहा सांगून वर आलो तेव्हा ते आपल्या जागेवर बसले होते.

फडकं माझ्या खांद्यावर होतं. कोणी मागितलं नव्हतं.

दोन दिवसांत केळीवाला आला. त्याच्या खोल्यांत काही केळी हिरवी राहिली, काही काळी पडून पाणी सुटलं. मालक शेठजी राजस्थानकडचे, एरवी मऊ बोलणारे. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. "मला नाव पाहिजे. तो खाली बसलाय, उसको क्या बोलूं?"

भिरूड सर म्हणाले, "मशीनमध्ये नोंद आहे, शेठजी. ज्योतीच्या नावानं."

ज्योती म्हणाली, "मी गच्चीवर होते."

"मशीन कुणाचं?" सर म्हणाले. मशीन तिचंच होतं.

मी पुढे झालो. राग आला की माझी भाषा घरची होते. "शेठजी, मनी आंडेर, मनी पोर, खोटं बोलत नही. फडकं मनाजोडे, मना खांदावर व्हतं. ती फडक्याबिगर हात लावत नही. त्या खुर्चीवर हाई भिरूड सर बठेल व्हतात. मी देखं."

शेठजींनी सरांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस हो म्हणेल. इतकी वर्षं सरळ रेषेसाठी लोकांना उभं करणारा माणूस.

सरांनी त्यांच्या मशीनवर ती पंगत उघडली, मॉनिटर माझ्याकडे फिरवला. "नाना, तुम्ही बघितलं ना? मग त्या वेळी काचेवर काय होतं ते माहीत असेल. ही पहिली ओळ. वाचा."

मी उभा.

"वाचा ना, नाना."

मागे कोणीतरी हसलं. मी त्या अक्षरांकडे बघत राहिलो. सरळ होती, एकाखाली एक होती, आणि एकही माझ्याशी बोलत नव्हतं.

"नानांना वाचता येत नाही, शेठजी," सर म्हणाले. "ज्याला वाचता येत नाही त्यानं काय बघितलं?"

ज्योतीला त्याच संध्याकाळी काढलं. जळगाव लहान आहे. हिनं केळीवाल्याचं कोठार पाडलं, हे तिच्याआधी प्रत्येक ऑफिसात पोचत होतं. मी काम सोडलं. सोडताना फडकं खांद्यावरच होतं, ते मी परत केलं नाही. आम्ही धुळ्याला आलो. बराच काळ तिला कोणी दारात उभं केलं नाही. शेवटी दूरच्या एका कंपनीचं काम मिळालं, घरी बसून करायचं. ती कंपनी इतकी लांबची की तिथे जळगावची बातमी गेली नव्हती.

एकदा तिच्या मागे उभा राहिलो तर काचेवर तीच पंगत. मी म्हटलं, "हाई त्या भिरूडनी शे. फेक."

"आबा, एवढी चांगली दुसरी नाही," ती म्हणाली. "मी त्यात माझी ओळ घातलीय." आणि चालू कोठार उघडायचं असलं की आजही हाक मारते, "आबा, फडकं." घरात आम्ही दोघं. धक्का द्यायला कोणी नाही. तरी मागते.

मग कळलं, भिरूड सरांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. यावलला घरी पडून आहेत. ज्योती म्हणाली, "जाऊन या. मी गेले तर त्यांना वाईट वाटेल." मी म्हटलं, "वाटू दे." तरी गेलो. एसटीनं जळगाव, तिथून यावल. बघायचं होतं, खोटं कशाला सांगू.

खाटेवर ते निम्मे झाले होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं. त्यांच्या बायकोनं कानाशी सांगितलं, "ज्योतीचे वडील आलेत हो," आणि ती चहा टाकायला आत गेली. त्यांनी डाव्या हातानं खुणावलं. उशाशी नातीची पाटी होती. ती मांडीवर ओढली आणि पेन्सिल मुठीत धरून लिहायला लागले. फार वेळ लागला. एक अक्षर वर, एक खाली, एक पाटीच्या चौकटीवर चढलेलं. लिहून झाल्यावर पाटी माझ्याकडे फिरवली, जसा त्या दिवशी मॉनिटर फिरवला होता.

मराठीतच होतं. 'ज्योती नाही. मी.'

मी पाटी हातात घेतली, बघितली. म्हणालो, "सर, मला वाचता येत नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्याकडून रोज निधनवार्ता ऐकलेला माणूस. डाव्या हाताचं बोट त्या अक्षरांवर आपटलं. घशातून आवाज आला, शब्द नव्हता. डोळ्यातून पाणी यायला लागलं, तेही एकाच डोळ्यातून.

मी खांद्यावरचं फडकं काढलं आणि पाटी स्वच्छ पुसली. चौकटीसकट. त्यांच्या मांडीवर परत ठेवली. "शेठजींना वाचता येतं," म्हणालो. "त्यांना बोलवा. त्यांच्यासमोर लिहा. मला हे आधीच माहीत होतं."

त्यांनी पेन्सिल उचलायला हात नेला, ती खाटेखाली घरंगळली. मी उचलून दिली नाही. चहा आला, तो बसून पूर्ण प्यालो. त्यांच्या बायकोला काही बोललो नाही. निरोप त्यांचा होता, पोचवायचा त्यांनी.

आठवडाभरात ते गेले. शेठजी अंत्ययात्रेलाच आले, असं ऐकलं.

कोणी म्हणेल, नाना, ते अक्षर राहू दिलं असतं, बायकोनं वाचलं असतं, चार लोकांत गेलं असतं, पोरीचं नाव सुटलं असतं. सुटलं असतं. पण चोरून, खाटेवर, कोणी नसताना लिहिलेलं माफीचं अक्षर माझ्या पोरीला नको होतं. तिला भरल्या ऑफिसात बुडवलं, काढायचं तर भरल्या ऑफिसात काढायचं. मी आजही पुसेन. ज्योती हे वाचेल तेव्हा वाचेल.

त्या दिवशी यावलहून घरी आलो तेव्हा ती कामात होती. मान न वळवता म्हणाली, "सर काय म्हनेत?"

"काही नही. त्यासले बोलता येत नही."

"मला विचारलं का?"

मी पायातली चप्पल काढत होतो. ती तशीच हात मागे करून म्हणाली, "आबा, फडकं द्या." मी दिलं. तिनं ते मॉनिटरवर टाकता टाकता उजेडात धरलं.

"याला पांढरं काय लागलंय?"

"झटकून घे," मी म्हणालो.