गढूळ पाण्यातलं शून्य

त्या माणसाला मी काका म्हणायचो, याचा मला अजून राग येतो.

कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोत राहणारे निवृत्त इंजिनियर, आता पाणीपुरवठ्याचे सल्लागार. फ्रीमाँटमागच्या डोंगरातल्या ओढ्यात आमची टीम मासे मोजायची आणि आमचा अहवाल त्यांच्या हातून पाणीखात्याकडे जायचा. पहिली भेट सनीव्हेलमधल्या एका मराठी स्नेहभोजनात झाली. मी जातिभेदाविरुद्धचं पत्रक वाटत होतो. नागपूरला आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे यायचे, घड्या घालता घालताच मी वाचायला शिकलो. काकांनी पत्रक न वाचता परत दिलं. "इतकी वर्षं इथं आहे, मला जात कधी दिसली नाही," म्हणाले आणि मायेनं पाठीवरून हात फिरवला. जानवं असतं तिथं बोटं जरा रेंगाळली, चाचपल्यासारखी.

आमचं काम स्टीलहेडचं. हा ट्राउट समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परततो. मादी शेपटीनं गोटे उकरते, अंडी घालते, वरून गोटे सारते. शेवाळलेल्या तळावर तेवढाच पट्टा घासल्यासारखा फिकट दिसतो. असे पट्टे सापडले तर वरच्या धरणातून वसंतभर पाणी सोडावं लागतं. नाही सापडले तर नळ बंद, आणि गोट्यांखाली अंडी असलीच तर ती मेली.

पावसानंतर ओढा चहासारखा वाहत होता. काका काठावर गाडीला टेकून उभे.

"सापडलं का काही?"

"तळच दिसत नाही, काका."

"म्हणजे नाही सापडलं. झीरो लिही, सिंपल आहे यार."

"झीरो म्हणजे पाहिलं आणि नव्हतं. इथं पाहताच आलेलं नाही."

"तुझं प्रत्येक वाक्य मोर्चातलं असतं का रे?"

"तुम्ही प्रत्येक वेळी वाटेत गाडी लावता म्हणून."

आमची टीम लीड अमेरिकन बाई. मराठी तिला कळत नव्हतं, सूर कळला. पाणी निवळल्यावर पुन्हा पाहू, असं तिनं ठरवलं. काका घड्याळाकडे बघत राहिले.

पाणी निवळलं. वळणापाशी मला पट्टा दिसला, दारासारखा लांबरुंद, आणि त्यावर झुलणारी मादी. टीम लीडनं वरच्या फांदीला खुणेची रिबन बांधली. मी काकांना पाण्यावरची चकाकी कापणारा चष्मा दिला. त्यांनी तो लावला, पाहिलं, परत दिला.

"हा रेनबो ट्राउट आहे. इथलाच. समुद्रातून आलेला नाही."

प्रजाती एकच, हे खरं. समुद्रात न गेलेल्याला रेनबो म्हणतात. पण ओढ्यातला रेनबो असतो ओंजळीएवढा. एवढा खड्डा त्याच्या शेपटीनं होत नाही, हे टीम लीडनं समजावून सांगितलं. काका मान हलवत ऐकत होते, ऐकून घेतल्याचं दिसावं इतपत. मला तेव्हा या लोकांची रीत कळली. आधी म्हणायचं, दिसत नाही. दाखवलं की म्हणायचं, हे ते नव्हेच. तिसरी पायरी अजून यायची होती.

ती अहवालाबरोबर आली, काकांच्या शेऱ्यात. माशाचं मूळ अनिश्चित, आणखी अभ्यास हवा, तोवर पाणी कमी करायला हरकत नाही. टीम लीडनं विरोध नोंदवला. अभ्यासाला माणसं देऊ असं वरून उत्तर आलं आणि त्याच आठवड्यात पाणी तोडलं.

पुढच्या फेरीला वळणापाशी पाय भिजले नाहीत. रिबनखालचे गोटे पांढरे पडले होते. मी चारदोन उचलले. खाली अंडी होती, वाळून साबुदाण्यासारखी टणक झालेली.

मी तिथूनच फोन लावला. "काका, आता या. अगदी स्वच्छ दिसतंय."

"अरे, आता येऊन काय उपयोग?" ते म्हणाले. "पाणीच नाही ना तिथं."