शून्य मिनिटांचे कॉल

तोंडवलीच्या मोबाइल टॉवरवर इंटरनेट सुरू करायला कंपनीनं मला पाठवलं, तेव्हा मी फुशारलो होतो. ते माझ्या मावशीचं समुद्रकाठचं गाव. टॉवरवर बोलण्यासाठी ठरावीक वाटा, म्हणजे चॅनेल, होत्या, त्यातल्या काही कायमच्या इंटरनेटला द्यायच्या होत्या. मी अहवाल बघितला. सकाळी बोलण्याची मिनिटं जवळजवळ शून्य. मग विचार कसला करायचा? निम्म्याहून जास्त वाटा देऊन टाकल्या. पर्यटक खूश, साहेबही खूश.

आठवड्याने मावशीकडे गेलो. काका होडी घेऊन मासेमारीला जातात, ती मासळी विकते. सकाळी परतताना रेंज आली की काका तिला मिस्ड कॉल देतात. ती उचलत नाही, बर्फ घेऊन किनाऱ्यावर जाते. सगळ्या होड्यांची हीच रीत. आता उरलेल्या वाटा पुरेनात, रिंगच येईना. दोनदा बांगडा उन्हात मऊ पडला होता.

न उचललेल्या कॉलचं मिनिट धरत नाहीत, हे मला माहीत होतं. घरी पोचलो की आईला मीही मिस्ड कॉलच देत असे. तरी अक्कल चालली नाही.

"नेटवर्काक काय झाला रे?" मावशीनं विचारलं.

"बघतंय," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गुपचूप वाटा परत केल्या. भाच्यानं नेटवर्क दुरुस्त केलं, असं मावशी वाडीभर सांगत फिरली. मला जेवायला बोलावून तिनं बांगड्याचं तिखलं वाढलं. मी पुन्हा मागून घेतलं, पण खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.