सलाईनची झडती

जंगलातल्या तपासणी नाक्यावर आमची गाडी थांबली. आम्ही नव्या आरोग्य केंद्राच्या उद्घाटनाला निघालो होतो. पुढे एका नर्सबाईंची पिशवी तपासली जात होती. नदीपलीकडच्या गावात एक बाळंतीण रक्तस्रावाने निपचित पडली होती. तिकडचा रस्ता बंडखोरांनी खणून टाकलेला, म्हणून बाई पायीच निघाल्या होत्या.

"चार सलाईन? दोनच न्या, सिस्टर," जवान म्हणाला. "उरलेल्या आत जंगलात कुणाला लागतात, ते ठाऊक आहे आम्हाला."

"दोनात अर्धीच बाई वाचेल, भाऊ."

जवान ओशाळला. पण हुकूम वरचा होता. दोन बाटल्या टेबलावर राहिल्या. आमच्या गाडीत हार, फीत आणि चांदीची कात्री होती. गाडी मात्र न तपासताच सोडली.

लढाई वर्षानुवर्षं चालली की औषधालाही आपण कुणाच्या बाजूचे, हे आधी सांगावं लागतं. हिवतापाला कुणी विचारत नाही. तो दोन्हीकडच्या तंबूंत बिनदिक्कत जातो. समारंभात 'आरोग्य आपल्या दारी' यावर लांबलचक भाषण झालं. माझं लक्ष सारखं नदीकडे जात होतं.

परतताना नाक्यावर त्याच जवानाला विचारलं, "बाई आल्या का?"

"नाही," तो म्हणाला. "मीही त्यांचीच वाट बघतोय."