पिस्ता बादलीतला आंबा

त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळ्या गल्लीत तो बादलीभाऊ. घरं रंगवायचा धंदा, आणि रंगाची बादली रिकामी झाली रे झाली, की हा तिच्या बुडाला तापलेल्या सळईने भोकं पाडून मोकळा. मग तळाला विटांचे तुकडे, वर माती आणि मातीत एखादी बी. भिंत घासता घासता घरमालक फणस खाताना दिसला, की याचं अर्धं लक्ष आठळ्यांवर. "टाकू नका हं त्या!" शिडीवरूनच ओरडायचा. लोकही हसत हसत पुडी बांधून द्यायचे. रंगाऱ्याला फुकटात खूश करायची एवढी सोपी सोय कोण सोडेल?

गच्चीवर त्याच्या बादल्यांची पलटण उभी होती. बादलीवर ज्या रंगाचे ओघळ, तेच झाडाचं नाव. अबोलीत चिकू, आकाशीत पेरू, मोतियात सीताफळ. बायको करवादायची, "अहो, पाहुणा आला तर बसायला धड खुर्ची नाही घरात, आणि तुमच्या कोयींना अख्खी गच्ची!"

"मग पाहुण्यांनाही पाठव की वर. देतो एक बादली उपडी घालून."

पण त्याचा खरा जीव अडकला होता पिस्ता बादलीत. तिच्यात आंबा होता, आणि तोही साधासुधा नाही. लहानपणी त्यांच्या घरामागे एक आंब्याचं झाड होतं. फळ लहानसं, दिसायला यथातथाच, पण चव अशी, की थोरली बहीण आणि तो कोय चोखून चोखून पांढरी करायचे. पुढे दोघं मोठी झाल्यावर रस्ता रुंद झाला आणि झाड गेलं. शेवटच्या फळांच्या कोयी त्याने आपल्या गच्चीवर आणून लावल्या. एकच रुजली. ताईला त्याने तेव्हाच शब्द दिला, "तुला आपला आंबा पुन्हा खायला घालीन. नाही घातला तर नाव बदल."

"तुझं नाव मी केव्हाच बदललंय, काडी," ताई म्हणाली. लहानपणी तो काटकुळा होता म्हणून काडी. आता पोट सुटलं, तरी ताईला तो काडीच.

त्या कोयीची गंमत अशी, की तिच्यातून एक नाही, दोन कोंब आले. एक चांगला दांडगा, सरसर वाढणारा. दुसरा मरतुकडा, दोन फिकट पानं घेऊन कसाबसा उभा. बादलीत राहणार एकच. कुणीही शहाण्या माणसाने दांडगा ठेवला असता. पण मरतुकडं रोप उपटायला बादलीभाऊचा हात धजेना. "दांडगा काय, कुठेही तगेल," असं म्हणत त्याने तो कोंब मातीसकट काढला आणि मेहुण्याला देऊन टाकला.

हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. त्याने रोप कशात लावावं? मशीनच्या मोडक्या ड्रममध्ये! "आयती भोकं आहेत दाजी, चहूबाजूंनी हवा." बादलीभाऊची हसून हसून मुरकुंडी वळली. "अरे, झाड वाढवतोयस की पिळून वाळत घालतोयस?" हे त्याने चारचौघांत विचारलं, आणि मेहुण्याला ते चांगलंच झोंबलं. पुढे ड्रममधला आंबा बादलीच्या आधी फळाला आला, तसा मेहुणा शेखी मिरवू लागला. त्याची पोरं कैऱ्या पिकूच द्यायची नाहीत, मीठ लावून फस्त. बादलीभाऊने त्यातली फोड कधी तोंडाला लावली नाही. "साबणाच्या पाण्यावर वाढलेलं मी खात नाही," म्हणायचा.

इकडे मरतुकड्याला तो तळहातावरच्या फोडासारखा जपत होता. वर्षांमागून वर्षं गेली, झाड कमरेच्या वर आलं, पण मोहराचं नाव नाही. आणि अशातच ताईचं ठरलं. तिची लेक परगावी होती, लांब, दिवसरात्र प्रवास करावा लागेल इतकी लांब. गुडघे गेलेल्या आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून ती तिला कायमची घेऊन जाणार होती. हा उन्हाळा संपला की ताई जाणार. बादलीभाऊ बोटांवर महिने मोजू लागला. एवढ्या वर्षांचा शब्द, आणि हाताशी उरला एक उन्हाळा.

पण नेमका त्याच वर्षी मरतुकडा मोहरला! बादलीभाऊ गच्चीवर अक्षरशः नाचला. मोहर बराचसा गळला, बारीक कैऱ्या गळल्या, शेवटी उरलं एक फळ. त्याला बायकोच्या जुन्या ओढणीची पिशवी बांधली, कावळ्यांवर पहारा ठेवला. फळ पिकलं, तसं ते रुमालात गुंडाळून तो थेट ताईकडे.

ताईने पहिला घास घेतला आणि तिचा एक डोळा आपोआप मिटला.

"काडी, खरं सांगू की खोटं?"

"खरंच सांग."

"आंबट ढाण आहे रे. आपला नाही हा."

त्याने स्वतः चाखून पाहिला. नव्हताच. बिचारा इतका खट्टू झाला, की त्या दिवशी त्याने एका बाईंच्या स्वयंपाकघराला दिवाणखान्याचा रंग देऊन टाकला. बाईंनी डोकं खाल्लं ते वेगळंच.

शेवटी न राहवून तो कोपऱ्यावरच्या नर्सरीत गेला. नर्सरीवाल्या बाई कुंड्या भरत होत्या. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कोंब किती आले होते?"

"दोन. एक दांडगा, एक मरतुकडा."

"आणि तुम्ही ठेवला मरतुकडा? अहो भाऊ! अशा कोयीत दांडगा असतो ना, तो बहुतेक आईवर जातो. तीच चव. मरतुकड्यात दुसऱ्या कुठल्या तरी झाडाचं मिसळलेलं असतं. दांडगा कुठाय?"

बादलीभाऊने कपाळावर हात मारला. दांडगा ड्रममध्ये होता.

मेहुण्याच्या दारात जाणं म्हणजे नाक मुठीत धरून जाणं. गेला. झाडावर अगदी वरच्या फांदीला दोन कैऱ्या शिल्लक होत्या, पोरांचे हात पोचले नव्हते म्हणून. "एवढ्या दोन पिकू दे," तो म्हणाला, "ताईसाठी."

मेहुण्याने हाताची घडी घातली. "देतो. पण आधी सगळ्यांसमोर म्हणा, ड्रम बादलीपेक्षा बरा."

मेहुण्याची बायको, पोरं, समोरचा इस्त्रीवाला, सगळे जमले. बादलीभाऊ म्हणाला, "ड्रम बरा. बादलीपेक्षा पुष्कळ बरा. झालं समाधान?"

मेहुणा आधी हसला, मग त्याचा चेहराच उतरला. "दाजी, मी आपली गंमत करत होतो हो. ताईंसाठी अख्खं झाड घेऊन जा." त्या दिवसापासून दोघांनी मिळून त्या दोन कैऱ्यांवर पहारा केला. पोरांना दम भरला, वर त्यांना गोळ्याही चारल्या.

फळं पिकली. बादलीभाऊने ती ताईच्या पुढ्यात ठेवली आणि तोंड फिरवून खिडकीच्या चौकटीचे पोपडे काढत उभा राहिला. पाठीमागे चोखल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर रस कोपरापर्यंत ओघळलेला, आणि ताई कोय चोखत रडत होती.

"आपलाच," ती म्हणाली. "आपलाच आहे रे! घे, दुसरा तू खा."

दोघांनी कोयी पांढऱ्या होईपर्यंत चोखल्या. मग बादलीभाऊला राहवेना. "ताई, माझंच चुकलं. मरतुकड्याची दया आली म्हणून तो ठेवला, आणि खरा देऊन बसलो. नाहीतर आज घरचे टोपलीभर आंबे खाल्ले असतेस."

ताईने पदराला हात पुसले. "मरतुकड्याची दया येणं हा आपल्या घरचाच रोग आहे, काडी. तू जन्मलास तेव्हा सगळे म्हणाले होते, हे पोर काही जगत नाही, उगाच जीव लावू नका. मी तेव्हा केवढीशी होते! कापसाच्या बोळ्याने दूध पाजलं तुला. चुकलं का माझं?"

 बादलीभाऊने नकारार्थी मान हलवली.

"मग? त्या बादलीतल्याला काही बोलायचं नाही."

ताई गेली त्या दिवशी बादलीभाऊने आणि मेहुण्याने मिळून तिच्या सामानाचा टेम्पो भरला. कपाट चढलं, पलंग चढला, ट्रंका चढल्या. शेवटी ताई म्हणाली, "आणि पिस्ता बादली कुठाय?"

"अगं, तो आंबट आहे! आपल्या आंब्याची कोय ने ना, रुमालात बांधून ठेवलीये."

"कोय तू लाव. गोड तुम्ही दोघं खा," ताई म्हणाली. "काडी माझ्याबरोबर येईल."

मेहुण्याने आणि बादलीभाऊने बादली दोन्ही बाजूंनी धरून उचलली, पलंगाच्या पायाला दोरीने घट्ट बांधली आणि वर ताईची गोधडी पांघरून दिली, रस्त्यात वारा लागू नये म्हणून.