राणीच्या गोळ्या

अकोटला गाद्या शिवणाऱ्या कुलसुमबीची मांजर राणी फिटच्या गोळ्यांवर जगत होती. गोळ्या संपल्या तेव्हा औषधवाला म्हणाला, "चाची, ही चिठ्ठी जुनी झाली. नवीबिगर मले देता येत नाई."

अकोल्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "मांजर तपासल्याशिवाय चिठ्ठी देता येणार नाही."

गोळ्या स्वस्त होत्या. अकोल्याला जाणं महाग पडायचं. त्यात लग्नाच्या गाद्या शिवायच्या राहिल्या होत्या. त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एसटीत, कुलसुमबीच्या मांडीवरच राणीला झटका आला आणि ती गेली.

तरी कुलसुमबी दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी राणीला तपासलं आणि मान खाली घातली.

"तुमचा नियम बरोबर हाय, साहेब," ती म्हणाली. "उशीर मीच केला." मग राणीला ओढणीत गुंडाळून ती पुन्हा स्टँडकडे चालू लागली.