कृतज्ञतेच्या वहीतली लाल शाई

माझं मनःस्वास्थ्य सुधारावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला उपाय मी एकवीस दिवस मनापासून केला आणि बाविसाव्या दिवशी माझ्या बायकोने माझ्याशी साध्या मराठीत बोलणं बंद केलं.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी ऑफिसचा मेल उघडायच्या आधी माझी छाती धडधडायला लागली. रविवारीसुद्धा. एकदा तो मेल कँटीन बंद असल्याबद्दलचा निघाला, तरी धडधड अर्धा तास थांबेना. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. तुम्हीच त्याला घाबरवताय." मग त्यांनी लिहून दिलं: रोज सकाळी चाळीस मिनिटं चालायचं, वेळेवर झोपायचं आणि चालून आल्यावर कृतज्ञता वाटणाऱ्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या. गोळी एकही नाही. (गोळीशिवाय आजार खरा वाटत नाही, म्हणून मी निदान जाड पुठ्ठ्याची वही घेतली.)

आम्ही कोथरूडला राहतो, टेकडी जवळ आहे. पहिल्या दिवशी मी पहिल्या बाकापर्यंत पोचलो आणि तिथेच राहिलो. पण तिसऱ्या आठवड्यात थेट माथ्यावर! धडधड गेली, झोप लागायला लागली. लिफ्टमध्ये मी प्रत्येकाला हसून "सुप्रभात" म्हणू लागलो, त्यामुळे दोन जण जिन्याने जायला लागले. म्हणजे त्यांचाही व्यायाम झाला.

बाविसावा दिवस रविवार होता. वाघोलीहून माझा मेहुणा दिलीप जेवायला आला.

"काय भावोजी, तब्येत काय म्हणते?"

शहाण्या माणसाने "बरी आहे" म्हटलं असतं. मी वही आणली आणि मोठ्याने वाचायला लागलो.

"दिवस पहिला. टेकडीवरचा गार वारा. रिकामा बाक. लिंबूसरबतवाला."

"वा," दिलीप म्हणाला.

"दिवस चौथा. वरच्या मजल्यावरच्या गोखले वहिनींची अळूवडी. दिवस नववा. लिफ्ट चालू होती. पार्किंगमधलं कुत्रं भुंकलं नाही. गोखले वहिनींचा ढोकळा."

स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबला. मी पान उलटलं.

माझी बायको सुनंदा हात पुसत दारात आली. ती शाळेत शिकवते. सव्वीस वर्षं वह्या तपासतेय.

"छान लिहिलंय. माझं नाव कितव्या पानावर आहे?"

"येईल ना पुढे," मी म्हणालो, आणि मला खरंच तसं वाटत होतं. बाराव्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. सतराव्या दिवशी राजगिऱ्याची वडी देणारे एक अनोळखी गृहस्थ आले. विसाव्या दिवशी पुन्हा अळूवडी आली. मग शेवटचं पान आलं.

दिलीपला वाघोलीतलं काहीतरी तातडीचं काम आठवलं. तो जेवलाही नाही.

"अगं, घरच्या माणसांचे कोणी आभार मानतं का?" मी म्हणालो. "ते परक्यांसाठी असतं."

"असं का? मग आजपासून आपण परके."

त्या दुपारपासून सुरू झालं. "आपण पानावर बसावं, ही नम्र विनंती." मी वाटी उचलून ठेवली तर, "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल मी आपली आभारी आहे." बक्षीस समारंभाला आलेल्या प्रमुख पाहुण्यासारखा मी स्वतःच्याच घरात वावरत होतो. फक्त नारळ तेवढा मिळत नव्हता.

मंगळवारी धडधड परत आली. मी पुन्हा पहिल्या बाकावर. आणि तिथे बसून (हे कबूल करताना अजून लाज वाटते) मी जुन्या पानांवरच्या मोकळ्या जागा भरायच्या ठरवल्या. दुपारी ऑफिसात बसून लिहिलं: "सुनंदाचा चहा." "सुनंदाची आमटी." सहाव्या दिवसाला जागाच नव्हती, तिथे समासात लिहिलं, "सुनंदा (एकूणच)." वही तिच्या नजरेला पडेल अशी टेबलावर ठेवली आणि भाजी आणायला गेलो.

परत आलो तर वही तपासून झाली होती. लाल शाईने.

तिसरा दिवस: "ही शाई आजची आहे." सहावा दिवस: "उत्तर मोघम. सविस्तर लिहा." चौदावा दिवस: "या दिवशी मी नाशिकला होते. चहा कोणी केला?" आणि शेवटी शेरा: "अक्षर सुवाच्य. विचार स्वतःचे नाहीत. पालकांना भेटीस पाठवावे."

(दुसऱ्या दिवशी साताऱ्याला माझ्या आईला खरंच फोन गेला. आई म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे.")

गुरुवारी काळजीने मला पाचलाच जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. सुनंदा माझे भिजवलेले बदाम सोलत होती. शेगडीवर माझं कोमट पाणी होतं. खुर्चीवर माझे मोजे सुलटे करून ठेवले होते. मोजे आपोआप सुलटे होतात असा माझा इतके दिवस समज होता. तिची शाळा दुपारची. पाचला उठायला तिला स्वतःचं असं काहीच कारण नव्हतं. म्हणजे माझी झोप सुधारली होती ती तिची मोडून.

"सुनंदा, आज तूही चल टेकडीवर."

"जशी आपली आज्ञा," ती म्हणाली. पण आली.

अर्ध्या चढावर मी सगळं बोलून टाकायचं ठरवलं. माझ्या वयात चढ आणि कबुली एकदम करू नये. "सुनंदा... तू... पहाटे..." एवढ्यातच दम संपला. शब्द मनापासून आहेत हे कळावं म्हणून मी हात छातीवर ठेवला.

पुढच्या क्षणी मी आडवा होतो! एका निवृत्त गृहस्थांनी माझे पाय वर धरले, कोणीतरी बूट काढले, एक बाई वर्तमानपत्राने वारा घालायला लागल्या.

"मला काही..." मी म्हणालो.

"बोलू नका," म्हणत एका आजोबांनी माझ्या तोंडात साखर घातली.

"अहो, पण मी..."

पुन्हा साखर.

सुनंदा गुडघ्यांवर बसली होती. चेहरा पांढराफटक. "अहो, काय होतंय तुम्हाला? बोला ना." चार दिवसांनी तिने मला 'अहो' म्हटलं होतं.

मी साखर गिळली. "काही होत नाहीये गं. मला एवढंच सांगायचं होतं, की तू पाचला उठत होतीस म्हणून मी बरा झालो. आणि मी वहीत कुत्र्याबद्दल लिहिलं."

गृहस्थांनी माझे पाय सोडले. "हे उभ्याने सांगता आलं नसतं का?" ते म्हणाले.

सुनंदाने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून मी घाबरलो, पण ती हसत होती. "उठा आता," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि पुढच्या वेळी घरीच सांगा, चहा पिताना."

मी उठलो. पाय धरणाऱ्या गृहस्थांचे, वारा घालणाऱ्या बाईंचे, साखरवाल्या आजोबांचे, अगदी बघायला नुसते थांबलेल्यांचेही एकेकाला नमस्कार करून आभार मानले. मन इतकं हलकं झालं होतं की मी झपझप टेकडी उतरायला लागलो. जवळजवळ खाली पोचलो, तेव्हा पायाला खडा टोचला. पायांत बूट नव्हते.

मागे वळून पाहिलं. माझे बूट, माझी टोपी आणि माझी पाण्याची बाटली सांभाळत सुनंदा सावकाश उतरत होती. एवढ्या सगळ्यांचे आभार मानले होते, ती तेवढी राहिली होती.